बल्ब लागल्याशिवाय सही नाही

रंगनाथ खिल्लारेंचे पाय जमिनीला फार वेळ टिकत नाहीत. चौतीस वर्षं विजेच्या खांबांवर गेली, त्याचा हा परिणाम, असं त्यांची बायको सगुणाबाई म्हणते. रिटायर होऊन चार वर्षं झाली तरी शर्टाच्या खिशात टेस्टर असतोच. कुणाच्या लग्नाला गेले तरी आधी मांडवातल्या वायरी बघणार, नवरा-नवरी मग. घरात बसले की त्यांचा गुडघा हलत राहतो. गुडघ्यानं पलंग हलतो, पलंगानं सगुणाबाई हलते आणि ती म्हणते, "आवं, जरा गेटापस्तोर जाऊन या. भूकंप तरी थांबंल."

परभणीच्या त्यांच्या भागात लाइनमन म्हणून त्यांचं एक नाव होतं. बाकीचे लाइनमन दारातच तक्रारवही पुढं करायचे, गिऱ्हाइकाची सही घ्यायचे आणि मग खांबावर चढायचे. सही झाली की तक्रार मिटली, मग उजेड पडो न पडो. रंगनाथांचं उलटं. खांबावरून उतरायचे, घाम पुसायचे, घरातल्या माणसाला म्हणायचे, "आधी बटन दाबा. लागला का बल्ब? आता करा सही." साहेबानं एकदा झापलं, म्हणाला, खिल्लारे, तुमच्यामुळं वही भरत नाही. हे म्हणाले, "साहेब, वही भरायची का गल्ली उजेडात आणायची, तेवढं सांगा." त्यांची बदली झाली, पण सवय गेली नाही.

असला माणूस मोबाइलवर मात्र बल्ब लागायच्या आधीच सही करून बसला. ती कशी, ते ऐकण्यासारखं आहे.

परभणीतलं दोन खोल्या, सैपाकघर आणि पुढं पत्र्याचं शेड असलेलं घर त्यांना विकायचं होतं. पेडगावात विहाराला लागून त्यांचा चुलतभाऊ बालाजी याची जागा होती. सगुणाबाईचा जीव त्या जागेवर. परभणीत दिवसभर बोलायला कुणी नाही. पोरगी सुकेशनी नांदेडला नांदायला गेली. पेडगावात धाकटी बहीण, विहारातल्या बायका, वंदनेला जायला चार पावलं. बालाजीनं शब्द दिला होता, पण मुदत घालून. "दादा, बुद्धपौर्णिमेपस्तोर जागा तुमची. त्याच्या पुढं मला दम न्हाई. पोराला दुकान टाकायला पैसा लागतोय, जागेला गिऱ्हाईक दारात हाय."

म्हणजे पौर्णिमेच्या आत घर विकलं पाहिजे, इसार बालाजीच्या हातात पडला पाहिजे. नाही तर विहाराशेजारी त्या गिऱ्हाइकाचं खताचं गोदाम उभं राहणार.

आधी गावातला एक दलाल आणला. त्यानं घर बघितलं, भिंती ठोकून बघितल्या, बोअरचं पाणी पिऊन बघितलं. मग भिंतीवरच्या बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी बघितल्या आणि म्हणाला, "घर नंबरी हाय काका. पण गिऱ्हाईक आधी गल्ली इचारतं, घर मागून." आणि किमतीतला तिसरा हिस्सा त्यानं तिथंच छाटून टाकला.

रंगनाथ त्या दिवशी गेटापर्यंत किती वेळा गेले, त्याची गणती नाही. संध्याकाळी मोबाइलवर घरझेप नावाच्या कंपनीची जाहिरात दिसली. घरबसल्या घर विका. आगाऊ फी भरा, नव्वद दिवसांत घर विकलं नाही तर फी परत. रंगनाथांना ते पटलं. "मोबाइलला गल्ली कळत न्हाई," ते सगुणाबाईला म्हणाले. फोन लावला तर पलीकडं निकिता नावाची मुलगी, आवाज साखरेत घोळलेला. तिनं सगळं समजावलं आणि पंचवीस हजार भरून घेतले. करार मोबाइलवरच आला, बोटानं ढकलत बसलं तर संपत नव्हता. वर्षभर घर कंपनीमार्फतच विकायचं, परस्पर विकलं तर किमतीवर दोन टक्के कंपनीला, हे त्यात कुठंतरी तळाला होतं. तळापर्यंत बोट पोचलं नाही.

जानेवारीच्या शेवटी कंपनीचा माणूस फोटो काढायला आला. परमेश्वर त्याचं नाव, चारठाण्याचा, पंचेचाळिशीचा. चारठाण्याहून मोटारसायकलवर आला तेव्हा त्याच्या भुवयासुद्धा धुळीनं पांढऱ्या झाल्या होत्या. बारा वर्षं विनाअनुदानित शाळेत बिनपगारी शिकवलं, आता हे काम. सगुणाबाईनं शाळा ऐकली आणि तिथून पुढं ती त्याला सरच म्हणाली.

परमेश्वरनं काठीला मोबाइल लावून असे फोटो काढले की नऊ बाय दहाची खोली मंगल कार्यालयासारखी दिसायला लागली. मग तो जरा घुटमळला. "मावशी, भिंतीवरच्या तसबिरी थोडा वेळ उतरवू का? कंपनी म्हणते भिंत मोकळी दिसावी."

"सर, भिंत इकायली मी. तसबीर न्हाई," सगुणाबाई म्हणाली. "राहू द्या जिथल्या तिथं."

त्यानं मान हलवली, काठी तिरपी केली आणि फोटो असा घेतला की तसबिरी चौकटीबाहेर राहिल्या. रंगनाथांनी ते बघितलं. मग तो मोबाइलवर माहिती भरायला लागला. बेडरूम तीन, असं त्यानं टाकलं.

"दोनच हायत की सर."

"काका, दोन टाकलं की कंपनी खाली ढकलते. सैपाकघर मोठं आहे, धरू तिसरी."

रंगनाथांना जिवंत वायरीला हात लागल्यासारखं झालं. पण तोवर सगुणाबाईनं ताट वाढलं होतं. पिठलं, ज्वारीची भाकर, शेंगदाण्याची चटणी, कांदा. माणूस उपाशी आलेला दिसतच होता. जेवण झालं की बोलू, असं रंगनाथांनी ठरवलं.

दुसरी भाकर मोडली आणि रंगनाथांचा फोन वाजला.

"काका, निकिता बोलतेय, घरझेपमधून. आमचे प्रतिनिधी आलेत ना? त्यांच्या कामाबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

समोर परमेश्वरचा हात ताटातच थांबला. त्यानं वर बघितलं नाही. त्या फोनवर त्याची रोजी होती, हे कळायला शाळा शिकावी लागत नाही. आणि ताटावर बसलेल्या माणसाचं उणं काढायचं नसतं, वैरी असला तरी. तो उठून हात धुईपर्यंत दम धरायचा असतो.

"समाधानी हाव," रंगनाथ म्हणाले. "माणूस लय भला हाय."

"थँक्यू काका. मेसेजमध्ये सहा आकडे आलेत, तेवढे सांगा."

त्यांनी सांगितले. परमेश्वरनं घास गिळला. जेवण झाल्यावर बेडरूमचं बोलायचं राहिलं ते राहिलंच, कारण त्याला उजेडात घरी पोचायचं होतं.

फोटो तीन दिवसांनी मोबाइलवर चढले. ते रंगनाथांना पक्कं माहीत, कारण त्या तीन दिवसांत ते दर तासाला मोबाइल उघडून बघत होते.

मग फोन यायला लागले. एक जण पुण्याहून, त्याला घर घ्यायचं नव्हतं, रंगनाथांना प्लॉट विकायचा होता. एक बाई कर्ज घ्या म्हणत होती. एकानं तीन बेडरूमचं भाडं विचारलं. एकाला घर पसंत पडलं, भाव पसंत पडला, मग त्यानं पूर्ण नाव विचारलं आणि आडनाव ऐकताच त्याच्याकडचं नेटवर्क गेलं. ते परत आलंच नाही. एक जण खरोखर गेटात येऊन उभा राहिला. दोन खोल्यांतून फिरला, सैपाकघरात डोकावला.

"तिसरी कुठंय?"

"दोनच हायत," रंगनाथ म्हणाले.

"मंग तीन कामून टाकल्यात? इथं लबाडी, तर कागदात किती असंल." तो चहालाही थांबला नाही.

रंगनाथांनी कंपनीला फोन केला. निकितानंच उचलला, पण आवाज वेगळा. "तू ती न्हाईस," ते म्हणाले. "काका, मी निकिताच," ती म्हणाली. पुढच्या वेळी तिसरीच निकिता. बेडरूमचे तिनाचे दोन कुणीच केले नाहीत.

इकडं सगुणाबाईनं फेब्रुवारीतच अर्धी भांडी पोत्यात भरली होती. रोज सकाळी पोतं सोडायची, कढई काढायची, सैपाक झाला की घासून परत पोत्यात. "राहू दे ना बाहेर," रंगनाथ म्हणायचे.

"तुमी गेटापस्तोर जाता, मी पोत्यापस्तोर जाते. ज्याचं त्यानं बघावं."

एप्रिलच्या शेवटी नव्वद दिवस भरले. पौर्णिमा तीन आठवड्यांवर. रंगनाथांनी फी परत मागितली आणि म्हणाले, करार मोडा, मी माझं गिऱ्हाईक बघतो.

"काका, परतावा बसत नाही," चौथी की पाचवी निकिता म्हणाली. "सेवा पूर्ण झाली, तुम्ही समाधानी आहात, असं रेकॉर्डवर आहे. आणि करार वर्षाचा आहे. थांबा, ऐकवते."

तिनं ऐकवलं. रंगनाथांनी मोबाइलचा आवाज मोठा केला होता, त्यामुळं सगुणाबाईनंही ऐकलं. 'समाधानी हाव. माणूस लय भला हाय.' आणि त्याच्या मागून बारीक आवाजात, 'सर, अजून एक घ्या, लाजू नका.'

"हे तर माजं हाय," सगुणाबाई म्हणाली.

"बाई, मी माणसाचं सांगितलं, घराचं न्हाई," रंगनाथ म्हणाले.

"काका, सिस्टीममध्ये एकच प्रश्न असतो."

फोन ठेवल्यावर ते गेटाकडं गेले नाहीत. शेडमधल्या शेडमध्ये चकरा मारायला लागले. मागून ऐकू आलेली ती भाकर त्यांच्या डोक्यात फिरत होती. अजून एक घ्या. म्हणजे माणूस जेवत होता. म्हणजे पहिलाच दिवस. घर तर मोबाइलवर तीन दिवसांनी चढलं. म्हणजे कंपनीनं खांबावर चढायच्या आधीच वही पुढं केली आणि आपण सही ठोकली. चौतीस वर्षं जे दुसऱ्याला करू दिलं नाही, ते आपण स्वतः केलं.

"सगुना," ते म्हणाले, "मी बल्ब लागायच्या आधी सही केली गं."

"मंग खोडा."

कोर्टाजवळच्या वकिलानं मुद्दा ऐकून घेतला. ग्राहक आयोगात तक्रार करू, म्हणाला, मुद्दा पक्का आहे. "पण नुसती रेकॉर्ड पुरायची नाही. तो फोटोवाला आतला माणूस आहे. आकडे आधीच घ्यायचा कंपनीचा हुकूम होता, असं त्यानं लिहून दिलं तर वजन येईल."

"पौर्णिमेपस्तोर निकाल लागंल का?"

वकील हसला. "निकालाचं सोडा. पण उद्या घर परस्पर विकलंत आणि कंपनी दोन टक्क्यांसाठी अंगावर आली, तर त्या कागदावर पाय ठेवून उभं राहता येईल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं रंगनाथ चारठाण्याला निघाले. एसटीत जागा असून जिंतूरपर्यंत उभेच होते. कंडक्टर म्हणाला, "बसा की काका, तिकीट तेवढंच पडतंय."

परमेश्वर घरीच होता. त्यानं दारात यांना बघितलं आणि त्याच्या चेहऱ्यावरनंच कळलं की कशाला आले ते त्याला कळलंय. त्याची म्हातारी आई कडूबाई मात्र खुश झाली. परभणीच्या त्या घरी आपल्या लेकाला जेवू घातलं होतं, हे तिनं ऐकलेलं. तिनं लगेच पाट मांडला, ताट आणलं. वरणात तूप सोडलेलं, वाफ निघत होती.

"उन्हात आलाव. आधी दोन घास खा, मंग काय बोलायचं ते बोला."

रंगनाथांना भूक लागली होती. पाट समोर होता. पण ते उंबऱ्याजवळच उभे राहिले.

"मावशी, ताट झाकून ठिवा. आधी बोलतो, मंग जेवतो. जेवल्यावर माज्याच्यानं बोलणं व्हायचं न्हाई. एकदा तसंच झालं, त्याच्यानंच इथवर यावं लागलं."

कडूबाईला काही उमगलं नाही. परमेश्वरला उमगलं. त्यानं मान खाली घातली. रंगनाथांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पेडगावची जागा, पौर्णिमा, रेकॉर्ड, वकील. लिहून द्या, असं मात्र त्यांच्या तोंडून पटकन निघेना. शेवटी म्हणाले, "सर, तुमची रोजी हाय त्याच्यावर. मला ठावं हाय. तरी मागायलो."

परमेश्वरनं पाटासमोरचं ताट झाकलं. मग म्हणाला, "काका, ते सहा आकडे मिळाले की मला दोनशे रुपये मिळतात. घर विको न विको. त्या दिवशी तुम्ही हो म्हणालात तेव्हा घास खाली उतरत नव्हता माझा."

"लिही की मंग," कडूबाई आतून म्हणाली. एवढं तिला उमगलं होतं. "बारा वर्षं फुकट शिकवलंस, तव्हा कुणाला भिला न्हाईस."

"फुकटच्या कामाला भ्याव नसतं आई."

"मंग हे बी फुकटच धर."

परमेश्वर उठला. शाळेच्या वहीचा कागद काढला, डाव्या बाजूला समास आखला आणि सुवाच्य अक्षरात लिहायला बसला. पहिल्या भेटीतच आकडे घ्यावेत, नाही तर भेट धरली जाणार नाही, असा कंपनीचा मेसेज होता; तोही तारखेसकट उतरवला. तीन बेडरूम मी टाकल्या, मालकानं नाही, हेही लिहिलं. सही केली. रंगनाथांनी कागद वाचला, घडी करून टेस्टरशेजारी खिशात ठेवला आणि पाटावर बसले. वरण गार झालं होतं. तीन भाकरी खाल्ल्या.

निघताना परमेश्वर म्हणाला, "बोरीला माझ्या ओळखीचे दत्तराव म्हणून आहेत. नाती परभणीला शिकतात, भाड्यानं राहतात. ते घर शोधतायत. चला, मीच नेतो." आणि त्यानं मोटारसायकल काढली.

दत्तराव दोन दिवसांनी घर बघायला आले. धोतर, पांढरी टोपी, हातात छत्री. सगुणाबाई चहा टाकायला उठली तर रंगनाथांनी हातानं थांबवलं.

"आधी सगळं आइका," ते दत्तरावांना म्हणाले. "खोल्या दोनच. मोबाइलवर तीन हायत, ते खोटं. गल्ली आमची हाय, बौद्धांची, ते बघितलंच असंल येताना. आणि एक कंपनी माज्या मागं लागणार हाय, घर परस्पर का इकलं म्हणून. हे चालत असंल तर च्या टाकतो."

"कंपनी तुमच्या मागं लागंल का माज्या?"

"माज्या."

"मंग मला कशाला भ्या दावायलाव." दत्तराव भिंतीजवळ गेले. तसबिरींकडं बघत उभे राहिले. सगुणाबाई दारातच थांबली, हातात कप तसेच.

"ह्या संगं नेणार का ठिवणार?"

"संगं," सगुणाबाई म्हणाली.

"खिळे तेवढे राहू द्या. चांगले बसलेत. आमचे देव टांगाया होतील."

सगुणाबाईनं चहात साखर जास्तच टाकली. दत्तरावांनी पिऊन टाकला आणि भावासाठी दीड तास घासाघीस केली. दलालानं छाटलं होतं तितकं काही त्यांनी छाटलं नाही. पौर्णिमेच्या आदल्या गुरुवारी इसारपावती झाली आणि रंगनाथ त्याच पावली पेडगावला गेले. बालाजीनं पैसे मोजले, परत मोजले आणि म्हणाला, "दादा, मला वाटलं तुमी यायचे न्हाईत. गोदामवाला परवा येऊन गेला."

"मला बी वाटलं होतं," रंगनाथ म्हणाले.

ह्याची किंमत परमेश्वरनं मोजली. त्याचा कागद आयोगात दाखल झाला आणि कंपनीनं त्याला कामावरून काढून टाकलं. पण काढलं असं कुणी बोललं नाही. एका सकाळी त्याच्या मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडेना, बस्स. आता तो जिंतूरला शिकवण्या घेतो. रंगनाथ तारखेला आले की तोही येतो, आणि दोघं आयोगाच्या बाहेर वडापाव खातात. दोन टक्क्यांची नोटीस आली आहे, फी परत मिळालेली नाही. तिसरी तारीख होऊन गेली.

पावसाळा सरल्यावर रंगनाथ पेडगावच्या जागेवर घराच्या पायाची दोरी धरून उभे होते तेव्हा फोन आला.

"काका, निकिता बोलतेय. तुमच्यासाठी चांगली बातमी आहे. कंपनी अर्धी फी परत करणार आणि नोटीसही मागं घेणार. फक्त तक्रार मिटली, मी समाधानी आहे, एवढं म्हणा. आणि सहा आकडे आलेत ते सांगा."

"पैशे आले का?"

"ते सात ते दहा दिवसांत येतील काका. तक्रार आधी बंद करावी लागते." मग ती आवाज खाली आणून म्हणाली, "मला आजच बंद करायला सांगितलंय. प्लीज."

रंगनाथांना ते प्लीज लागलं. ताटातला हात थांबावा तसं होतं ते. त्यांनी दोरी पायाखाली दाबली.

"जेवलीस का?"

"अं? नाही अजून."

"जेवून घे. मला काही घाई न्हाई. पैशे येऊ दे, नोटीस मागं जाऊ दे, मंग आकडे सांगतो. तुज्या साहेबाला सांग, खिल्लारे बल्ब लागल्याशिवाय सही करत न्हाईत."

"काका, बल्ब म्हणजे?"

"त्यो लय जुना हिशेब हाय. जा, जेव."

फोन ठेवून ते पायाच्या कडेनं चालायला लागले. चारही कोपरे झाले, परत पहिल्यापासून सुरू. सगुणाबाई विहाराच्या ओट्यावर बहिणीसंगं बसली होती.

"आवं, बसा जरा," ती तिथूनच म्हणाली. "आता तर जागा बी आपली हाय."

"कुठं बसू? खुर्च्या पोत्यात हायत."

"खुर्च्या पोत्यात मावतात व्हय," सगुणाबाई बहिणीला म्हणाली, आणि दोघी त्यांच्याकडं बघत बसल्या. रंगनाथांनी खिशातला टेस्टर चाचपला आणि रस्त्यावरच्या खांबाकडं मान वर करून बघितलं. तिथनं मीटरपर्यंत वायर किती लागेल, ते पावलांनी मोजत निघाले.